केबिनच्या दारावर नाव लागले पाहिजे

समलिंगी आणि ट्रान्स विद्यार्थ्यांचा प्रश्न म्हणजे शहरी सवर्णांचे चोचले, असे आपल्याच चळवळीतले काही मित्र म्हणतात. त्यांना आम्ही १९३४ सालची आठवण देतो. 'समाजस्वास्थ्य'कार र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. गुन्हा काय? वाचकांच्या हस्तमैथुन, समलिंगी संबंध अशा प्रश्नांना त्यांनी शास्त्रीय उत्तरे दिली. कर्वेंचे वकील होते बाबासाहेब! खटला हरला, कर्वेंना दंड झाला. पण आपण कुणाच्या बाजूने उभे राहायचे, हे तिथे ठरले.

आता २०१० पाहा. प्रा. रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत. लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले आणि विद्यापीठाने निलंबित केले सिरस सरांनाच. एप्रिलमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. काही दिवसांतच ते घरात मृत सापडले. प्राध्यापकाची ही गत, तर हॉस्टेलवरच्या पोराची काय?

कागदावर आज सगळे आहे. यूजीसीच्या २०१६ च्या दुरुस्तीने लैंगिक कलावरून होणारा छळही रॅगिंग ठरवला. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून वगळले. पण कागदाकडे जाऊन कुणी रडत नाही. बाबासाहेबांचा फोटो असलेली केबिन दिसली की आपले पोर न विचारता आत शिरते, हे आपण अनुभवाने जाणतो. या विद्यार्थ्यांना तर "कुणाकडे जाऊ?" असे विचारणेही धोक्याचे, कारण विचारले की ओळख उघड होते. म्हणून मदत करणारा माणूस आधी उघड दिसला पाहिजे.

हा भार तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर टाकू नका; त्यांची नोकरी दरवर्षी टांगणीला असते. कायम प्राध्यापक, रेक्टर, ग्रंथपाल, कार्यालयीन कर्मचारी यांनी पुढे यावे. नोटीस बोर्डावर नाव, भेटीची वेळ लावावी. गोष्ट घरी कळवणार नाही, असे तिथेच लिहावे.

पैसेवाल्याचे पोर फ्लॅट घेऊन वेगळे राहील, खासगी समुपदेशकाकडे जाईल. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या दलित, आदिवासी, भटक्या समाजातल्या समलिंगी मुलाला हॉस्टेलशिवाय दुसरे छप्पर नाही. मग हा प्रश्न सवर्णांचा कसा?

समता तुकड्यातुकड्यांनी मागता येत नाही. आरक्षणातून, संघर्षातून त्या खुर्चीवर पोहोचलेल्या आपल्या प्राध्यापकांना आमचे सांगणे आहे, पहिले नाव तुमच्या दारावर लागू द्या.

जय भीम!