व्हॉट्सअ‍ॅपवर दाखला मिळेल, पण पोच मागा!

फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सअ‍ॅपवर आणायला मेटाशी करार केला. आमच्या सिरसाळ्याच्या पोराला उत्पन्नाचा दाखला मोबाईलवरूनच मागता आला, तर भारीच! पण सॉफ्टवेअरवाला म्हणून मी आधी मागची जोडणी बघतो. एआय एजंट तुमची मागणी समजून घेतो आणि त्या त्या खात्याच्या सेवेकडे काम सोपवतो. खात्याची सिस्टिमच जोडलेली नसेल, तर एजंट नुसता बोलघेवडा. अर्ज पाठवण्याआधी त्याने तुमचा होकार घ्यावा, नंतर अर्ज क्रमांक द्यावा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा आपला हक्क आहे. मुदत टळली, तर अपिलाला तोच क्रमांक कामी येतो. चॅटचा गोडवा नाही.