विहिरीच्या ढिगावरचा दगड हातात घ्या



उन्हाळा लागला की गावोगाव विहिरींची कामे निघतात, आणि माझ्याकडे ठरलेला प्रश्न येतो : "साहेब, सहा परस गेलो, आता पुढे खोदू का थांबू?" या प्रश्नाचे निम्मे उत्तर विहिरीच्या काठावरच पडलेले असते, वर काढलेल्या दगडांच्या ढिगात. आपण त्या ढिगाकडे बांधाला घालायचा माल म्हणून पाहतो. आज तो दगड ओळखायचा कसा ते सांगणार आहे. पण मला ते कसे कळले हे आधी सांगितले पाहिजे, कारण त्याची किंमत दुसऱ्याने भरली.

१९९६ साल. मी नोकरीला नवा. माझे गाव नगरकडचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. तिकडे सगळा काळा दगड. नेमणूक झाली नांदेड जिल्ह्यात, देगलूरच्या बाजूला. तिथे एका शेतकऱ्याची विहीर पस्तीस फुटांवर अडली होती. वर मुरूम, मुरुमाच्या तळाशी थोडा पाझर आणि खाली एकसंध कातळ. मी आमच्याकडचा हिशेब सांगून मोकळा झालो : "कातळ फोडा, खाली मांजऱ्या लागेल, पाणी येईल." त्याने बैलजोडी विकली आणि आणखी पंधरा फूट सुरुंग लावले. मांजऱ्या लागला नाही. साधी ओलसुद्धा दिसली नाही.

विहिरीवर काम करणारा एक म्हातारा पाथरवट मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, हा दगड तुमच्याकडचा नाही. ह्यात साखर आहे बघा." त्याने ताजी फुटलेली कपची उन्हात धरली. गुलाबी, पांढरे, काचेसारखे दाणे चकाकत होते. तो ग्रॅनाइट होता. मी बी. एस्सी.ला हे शिकलो होतो, परीक्षेत लिहिलेही होते. दगड मात्र हातात घेतला नव्हता.

आता दगडाची गोष्ट. आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, आणि हा ग्रॅनाइट, दोन्ही पृथ्वीच्या पोटातल्या तप्त रसापासून झालेले. फरक पडतो तो रस कुठे आणि किती वेळात निवला यामुळे. काकवी बरणीत महिनोन्महिने राहिली की तळाशी साखरेचे ठसठशीत खडे धरतात. तोच रस काहिलीतून काढून साच्यात ओतला की लवकर घट्ट होतो आणि गुळाचा दाणा बारीक राहतो. दगडाचेही असेच. ग्रॅनाइटचा रस जमिनीखाली खोल अडकून फार सावकाश निवला, म्हणून त्याचे दाणे नुसत्या डोळ्यांनी वेगवेगळे दिसतात. बेसाल्टचा रस जमिनीवर येऊन पसरला, लवकर निवला, म्हणून त्याचा दाणा इतका बारीक की सगळा दगड एकसारखा काळा दिसतो. घरातला जुना पाटा पाहा. टाकी लावल्यावर उघडा पडलेला त्याचा पृष्ठभाग म्हणजे बेसाल्टचा चांगला नमुना. आमच्या भगिनींना हा दगड आमच्यापेक्षा जास्त परिचयाचा आहे.

दाण्यानंतर रंग आणि वजन. बेसाल्टमध्ये लोह आणि मॅग्नेशियम जास्त, वाळूचा अंश, म्हणजे सिलिका, सुमारे ५० टक्के. म्हणून तो काळा आणि जड. ग्रॅनाइटमध्ये सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास. म्हणून तो फिकट आणि त्याच आकाराच्या बेसाल्टपेक्षा हातात हलका लागतो. ग्रॅनाइटमधला काचेसारखा दाणा म्हणजे गार; ती काचेवर चरा पाडते. गुलाबी किंवा पांढरा, सपाट बाजूंनी चमकणारा दाणा फेल्डस्पारचा. काळी चकाकणारी, चाकूच्या टोकाने पापुद्रा निघणारी चकती अभ्रकाची. दोऱ्याला लोहचुंबक बांधून दगडाजवळ न्या. बेसाल्टकडे तो बहुधा किंचित ओढला जातो, ग्रॅनाइटकडे नाही.

हे सगळे ताज्या फुटलेल्या बाजूवर पाहायचे. ऊनपावसाने वरची साल तांबूस-करडी होते आणि सगळेच दगड सारखे दिसू लागतात. हातोडीने कोपरा उडवा, पाण्याने ओला करा, उन्हात तिरका धरून पाहा. उडवताना मुलांना लांब उभे करा. डोळ्यात कपची गेली तर विहिरीपेक्षा मोठा खर्च होतो.

आता हे पाण्याशी कसे जुळते ते पाहू. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा काळा रस एकदा नव्हे, अनेकदा बाहेर आला आणि थरावर थर बसले. सह्याद्रीच्या डोंगरांना पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या. महाराष्ट्राची सुमारे ८० टक्के जमीन या दगडावर आहे. प्रत्येक थराचा खालचा-मधला भाग भरीव कातळाचा. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून भोके राहिली आणि पुढे त्यांत पांढरे-हिरवट खनिज भरले. तोच आपला मांजऱ्या. तो लवकर झिजतो, त्याला फटी पडतात, त्यांत पाणी साठते. म्हणून आमच्याकडे कातळाखाली दुसऱ्या थराचा मांजऱ्या लागण्याची आशा असते. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी गेरूसारखा तांबडा पट्टा लागतो. तो लागला की खाली नवा थर आला असे समजा. पण तो पट्टा चिकणमातीचा, पाणी फारसे देत नाही आणि भिजला की ढासळतो. तिथे बांधकाम करून घ्यायला हयगय करू नका.

मांजऱ्या दिसला म्हणून लगेच पेढे मात्र वाटू नका. भोके पक्की भरलेली आणि दगडाला फटी नसतील तर मांजऱ्याही कोरडाच राहतो. भोकातले पांढरे खडे काय आहेत ते पाहायचे तर कुटून पूड करा आणि लिंबाचा रस टाका. फेस आला तर ते चुन्याच्या जातीचे. फेस आला नाही आणि काचेवर चरा उठला तर गार.

ग्रॅनाइटला असे थर नाहीत. वरच्या झिजलेल्या मुरुमात पाणी, त्याखाली फटी असल्या तर फटींत, नाहीतर काही नाही. भरीव ग्रॅनाइट फोडत खाली जाणे म्हणजे पैसे सुरुंगाने उडवणे. नांदेडच्या देगलूर-बिलोली-मुखेड भागात आणि चंद्रपूर, गडचिरोलीकडे असा दाणेदार दगड आहे. तिथल्या वाचकांनी माझ्यासारख्या नगरकडच्या माणसाचा हिशेब ऐकू नये.

धुळे-नंदुरबारच्या मंडळींसाठी एक गोष्ट वेगळी. तुमच्याकडे शेतांतून सरळ रेषेत दगडी भिंतींसारख्या टेकड्या जातात. रस उभ्या भेगेत शिरून तिथेच निवला, त्या या भिंती. त्यांचा दाणा बेसाल्टपेक्षा थोडा मोठा, मीठ-मिरी मिसळल्यासारखा. जमिनीखाली अशी भिंत बंधाऱ्याचे काम करते. पुष्कळदा वरच्या अंगाच्या विहिरीला पाणी असते आणि खालच्या अंगाची कोरडी पडते. भावाभावांत यावरून भांडणे झालेली मी पाहिली आहेत, दोष मात्र दगडाचा.

तुम्ही एवढे करा. विहीर खोदताना दर तीन फुटांवरचा एक दगड बाजूला काढून त्यावर रंगाने खोली लिहा आणि ओळीने मांडून ठेवा. शेजारच्या विहिरीत उतरता येत असेल तर तिच्या भिंतीवरचे थर याच ओळीशी ताडून पाहा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. तिथल्या भूवैज्ञानिकाला तोंडी वर्णनापेक्षा ही ओळ जास्त सांगेल. पाणाड्याला नारळ द्यायचा तर द्या, पण कर्ज काढण्याआधी ही ओळ पाहा.

देगलूरच्या त्या विहिरीचे पुढे आम्ही खोदकाम थांबवले. मुरुमाच्या तळाच्या पातळीवर आडवी बोअर मारली, तेव्हा एकराला पुरेल एवढे पाणी आले. बैलजोडी परत दावणीला यायला तीन वर्षे लागली. त्या शेतकऱ्याने मला कधी बोल लावला नाही. ती कपची अजून माझ्या टेबलावर आहे.

आडवी बोअर कोणत्या विहिरीत मारावी आणि कोणत्या विहिरीत मारू नये, ते पुढच्या अंकात.