खाडीची सफर चांदची तारीख पाहून

भायखळ्याच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, 'अलास्काच्या क्रूझची जाहिरात पाहून मुले हट्ट धरून बसली आहेत. ती आमच्या आवाक्यातली गोष्ट नाही. म्हणून गेल्या बासी ईदला सर्वांना घेऊन ठाण्याच्या खाडीवर रोहित पक्षी पाहायला गेलो. महिनाभराचे रोजे, ईदचा स्वयंपाक, पाहुणे, सगळे उरकून पहाटे डबे भरले. सकाळी नऊला काठावर पोचलो तर पाणी गायब! नुसता चिखल आणि होड्या टेकलेल्या. सासूबाईंचे वय पंचाहत्तर, गुडघे दुखतात. तरी त्या हौसेने आल्या होत्या, तशाच परतल्या. त्यांना एकदा ते पक्षी दाखवायचे आहेत. केव्हा जावे?'

प्रश्न साधा आहे, पण अनेक घरांचा आहे. ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी राणीबागेत पेंग्विन पाहायला जी गर्दी लोटते ती भायखळेकरांना ठाऊक आहेच. त्या गर्दीतून सुटका म्हणून काही कुटुंबे आता खाडीकडे वळू लागली आहेत. मात्र राणीबाग घड्याळावर उघडते, खाडी चंद्रावर. हा फरक लक्षात घेतला की निम्मी अडचण सुटते.

जंगल-पाण्याच्या कोणत्याही सफरीला हंगाम असतोच. अलास्काची जहाजे साधारण मे ते सप्टेंबर एवढेच महिने चालतात. जूनमध्ये तिथे रात्री दहानंतर सूर्य मावळतो आणि पहाटे चारच्या आधी उगवतो. इशा आणि फजर यांत अंतर ते किती उरणार? तिथला हंगाम बर्फ आणि उजेड ठरवतात. आपल्या खाडीचा हंगाम तीन पंचांगे मिळून ठरवतात: पक्ष्यांचे, चंद्राचे आणि घराचे.

आधी पक्ष्यांचे पाहू. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, यांचे विणीचे मोठे ठिकाण कच्छच्या रणात आहे. पाऊस संपल्यावर ते मुंबईकडे येऊ लागतात. नोव्हेंबरपासून थवे दिसतात, पण पावसाळा लांबला तर येणेही लांबते. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत खाडी गुलाबी होते आणि मेअखेर बहुतेक पक्षी परतीला लागतात. मोठा रोहित उंच आणि फिकट, छोटा रोहित ठेंगणा पण रंगाने गडद. हा रंग जन्माचा नसतो. पिले करडी असतात. चिखलातले शेवाळ आणि बारीक जीव खाता खाता दोन-तीन वर्षांत पंखांवर गुलाबी चढतो. मुलांना हे जरूर सांगा. थव्यात करडे पक्षी दिसले की ती 'आजारी' नाहीत, लहान आहेत, हे त्यांना कळेल.

ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आला. भायखळ्याहून लोकलने ठाणे आणि तिथून ऐरोली, किंवा मुलुंडला उतरून पूल ओलांडून ऐरोली, असे जाता येते. ऐरोली पुलाजवळ वनखात्याच्या कांदळवन कक्षाचे जैवविविधता केंद्र आहे. हंगामात तिथून होडीच्या फेऱ्या निघतात. त्या दिवसाच्या फेरीच्या वेळा आधी विचारून, जागा राखूनच निघावे.

आता चंद्राचे पंचांग. रोहित चिखलात चोच उलटी घालून खातो, त्यामुळे ओहोटीला तो दूरवर पसरलेला असतो. पण होडीला पाणी लागते. म्हणून फेऱ्या भरतीच्या आगेमागे ठेवतात. त्यातही भरती पुरी होऊन ओहोटी लागते त्या सुमाराची फेरी मिळाली तर उत्तम. चिखल उघडा पडू लागतो, पक्षी खायला पुढे सरकतात आणि होडीखाली अजून पाणी असते.

मुंबईत अमावास्या आणि पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास भरती येते आणि रोज साधारण पाऊण-एक तास पुढे सरकते. आमचे कोळी बांधव तिथीवरून हा हिशोब तोंडी करतात. आपल्यालाही तो अवघड नाही, कारण आपल्या घरात चांदची तारीख लावलेलीच असते. चंद्र हा लोकांसाठी वेळ मोजण्याचे साधन आहे, ही कुराणची शिकवण आपण रमजान आणि हजपुरती आठवतो. खाडीवरही ती तितकीच कामी येते.

नवा चांद दिसतो तो अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी. म्हणजे शव्वालच्या २ तारखेला, बासी ईदला, भरती दुपारी दोनच्या आसपास येणार. त्याआधी सहा तास, सकाळी आठच्या सुमारास, पुरी ओहोटी. शिवाय हे उधाणाचे दिवस, भरती जितकी मोठी तितकी ओहोटीही खोल. खाडीत आत, ऐरोलीपर्यंत, हे सारे आणखी थोडे उशिरा पोचते. आमच्या भगिनीला सकाळी नऊला चिखल दिसला तो नशिबाचा खेळ नव्हता. कोणत्याही वर्षीच्या बासी ईदला सकाळी तेच दिसेल.

मग चांदची कोणती तारीख चांगली? आमच्या मते १० ते १३, किंवा २५ ते २७. या दिवसांत भरती साधारण सकाळी साडेनऊ ते साडेअकराच्या दरम्यान येते. ऊन चढण्याआधी फेरी होते आणि बारा-साडेबारापर्यंत काठावर येऊन जोहरची नमाज निवांत पढता येते. याउलट ६ ते ८ आणि २१ ते २३ या तारखा टाळाव्यात. ते भांगाचे दिवस, पाणी धड चढत नाही आणि भरतीही भल्या सकाळी नाहीतर संध्याकाळी असते. हा अंदाज दिवस निवडण्यापुरता. पक्की वेळ भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यात पाहावी आणि फेरी चालवणाऱ्यांना विचारावी.

तिसरे पंचांग घराचे, आणि तेच सर्वांत जास्त विसरले जाते. सध्या रमजान पक्ष्यांच्या ऐन हंगामात येतो आहे. दरवर्षी तो १०-११ दिवस अलीकडे सरकतो. २०३० मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात, जानेवारीत आणि डिसेंबरअखेर, दोनदा रमजान सुरू होईल. म्हणजे पुढची काही वर्षे पक्ष्यांचा हंगाम आणि रोज्यांचे दिवस एकमेकांत गुंतलेले राहणार. रोजे ठेवून उन्हात होडीवर जाणे वृद्धांना आणि मुलांना झेपणारे नाही. ईदनंतर लगेच जावे तर घरातल्या बाईच्या अंगात त्राण उरलेले नसते. सहल सर्वांची आणि कष्ट एकटीचे, असे होऊ नये.

म्हणून आमचा सल्ला असा. पहिली पसंती शाबानच्या १० ते १३ तारखांना. सध्याच्या वर्षांत हे दिवस जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास येतात. हवा थंड, पक्षी भरपूर, शब-ए-बरातची तयारी अजून दोन दिवसांवर आणि रमजानची धांदल सुरू व्हायची आहे. घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर दुसरी पसंती जिल्कादच्या १० ते १३ तारखांना. तेव्हा एप्रिल किंवा त्याच्या आसपासचा काळ असतो, परीक्षा आटोपलेल्या असतात, पक्षीही अजून मुक्कामाला असतात. फक्त ऊन सोसवेल का हे वडीलधाऱ्यांना विचारून ठरवावे. दोन्ही वेळा शुक्रवार सोडावा, म्हणजे जुम्याची घाई होणार नाही.

पावसाळ्याचे दिवस मात्र होडीसाठी कुणीही सुचवले तरी नाकारावेत. भायखळ्याच्या शेजारच्या भाऊच्या धक्क्यावरून १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. सणाला घरी पोचायची घाई होती आणि समुद्र खवळलेला होता. सण पुढच्या वर्षीही येतो, हे त्या दिवसाने शिकवले.

सासूबाईंसारख्या ज्येष्ठांसाठी काही लहान गोष्टी. होडीत चढायला पायऱ्या किती आणि हात द्यायला माणूस आहे का, हे फोनवरच विचारावे. लाइफ जॅकेट नऊवारीवर असो की बुरख्यावर, घातलेच पाहिजे. फेरीच्या आधी वॉशरूमला जाऊन यावे, होडीवर तशी सोय धरून चालू नये. टोपी, पाणी आणि खजूर जवळ असावेत. डबा बिर्याणीचा नको, चपाती-भाजी पुरे. भाजी घरातल्या पुरुषांनी चिरली तर सवाब वेगळा.

मुलांना एक अदब शिकवून न्यावे. टाळ्या वाजवून, ओरडून थवा उडवायचा नाही. पक्षी हेही आपल्यासारखेच समुदाय आहेत, असे आपला दीन सांगतो, आणि त्या चिखलावर ते जेवायला बसलेले असतात. दस्तरख्वानावरून कुणाला उठवणे आपल्याकडे केव्हाही वाईटच मानतात. त्यांची जागा आधीच आक्रसते आहे. शिवडीच्या ज्या चिखलावर आपण पूर्वी काठावरूनच थवे पाहत होतो, तिथूनच आता अटल सेतू जातो. खाडीत प्लास्टिकची एक पिशवीही आपल्या हातून पडू नये.

आमच्या भगिनीने आजच कॅलेंडरवर शाबानच्या त्या चार तारखांवर खूण करावी, घरात सर्वांना सांगावे आणि सासूबाईंना विचारून दिवस पक्का करावा. दिवस त्यांनीच निवडला तर गुडघ्यांचे दुखणेही थोडे कमी जाणवेल. इन्शाअल्लाह या वेळी होडीखाली पाणी असेल.