शून्यांचा पहारा
ईमेलच्या अ‍ॅड्रेस बुकात सगळ्यात वर ‘००००’ नावाचा खोटा पत्ता घाला, व्हायरस तिथेच अडखळेल, असा तोडगा वीसेक वर्षांपूर्वी ईमेलमधूनच गावभर फिरला. दाराला लिंबू-मिरची टांगण्यातलाच प्रकार. मार्च १९९९मधला ‘मेलिसा’ व्हायरस यादीतल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला धाडायचा. त्यातला एक खोटा निघाला, तरी उरलेले ४९ जण अडकणारच! ४ मे २००० रोजी मनिलातून सुटलेल्या ‘आय लव्ह यू’ने तर अख्खी यादीच धरली. त्याची चलाखी ईमेलला जोडलेल्या फाइलच्या नावात होती. शेवटचं ‘व्हीबीएस’ हे शेपूट विंडोज लपवी, दिसे फक्त ‘टीएक्सटी’, म्हणजे निरुपद्रवी मजकूर, तोही ओळखीच्याकडून. साहेबांचं प्रेमपत्र आलंय म्हटल्यावर कोण थांबतो? ते शेपूट दिसेल अशी सेटिंग करणं आणि पाठवणाऱ्याला आधी फोन लावणं, हे शून्यांपेक्षा कितीतरी कामाचं. पुढे ‘क्लेझ’ आला. तो डिस्कवरच्या इतर फाइलींतूनही पत्ते वेचायचा आणि पाठवणारा म्हणून त्यांतलंच एखादं नाव चिकटवायचा. त्यामुळे ‘तुझ्याकडून व्हायरस आला’ म्हणून लोक ज्याच्यावर डाफरत, त्या बिचाऱ्याचा संगणक बहुधा स्वच्छच असे.