भुताला हसणे पाप आहे काय?

नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणाच्या दिवसांत, आमच्या धर्मग्रामातील काही सद्भक्त एक अर्ज घेऊन माझ्याकडे आले. आपली मुले 'घोस्ट्स' नावाची इंग्रजी विनोदी मालिका पाहतात, तीत एका बाईला भुते दिसतात व ती त्यांच्याशी गप्पा मारते. हा प्रकार सैतानी असून त्याविरुद्ध वेदीवरून ताकीद द्यावी, अशी मागणी होती. अर्जावर एकोणीस सह्या होत्या. मालिका कोणी पाहिली आहे काय, असे विचारताच मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली.

मी ती पाहिली. एकच भाग पाहण्याचा निश्चय करून बसलो होतो; तो निश्चय टिकला नाही, हे कबूल करतो.

बीबीसीने ही मालिका २०१९ ते २०२३ या काळात पाच पर्वांत दाखवली. २०२१ पासून तिची अमेरिकन आवृत्तीही निघाली. ॲलिसन या तरुणीला एक मोडकळीस आलेला वाडा वारसाहक्काने मिळतो. तेथे खिडकीतून पडून ती बेशुद्ध होते आणि शुद्धीवर आल्यावर तिला वाड्यात मेलेली माणसे दिसू लागतात : आदिमानव, शिरच्छेद झालेला सरदार, उसासे टाकणारा कवी, महायुद्धातला कॅप्टन, १९८४ साली मानेत बाण घुसून मेलेला स्काउट-शिक्षक, विजारीवाचून मेलेला खासदार. ही मंडळी घाबरवू पाहतात, पण ते त्यांना धड जमत नाही. त्यांना अन्नाचा घास घेता येत नाही की वाड्याची हद्द ओलांडता येत नाही. भांडत, रुसत दिवस काढतात, इतकेच.

मृतांना बोलावून भविष्य विचारणे ख्रिस्तसभेने निषिद्ध मानले आहे, आणि ते रास्तच आहे. शौल राजा एन-दोरच्या बाईकडे गेला तो त्यासाठीच. ॲलिसन कोणाला बोलावीत नाही. उलट त्यांनी जरा गप्प बसावे म्हणून ती विनवते! पुनरुत्थित प्रभूला पाहून शिष्यांना भूत वाटले, तेव्हा प्रभूने हातपाय दाखवले आणि भाजलेला मासा खाल्ला, असे संत लूक सांगतो. घासाला मोताद झालेल्या त्या वाड्यातील बापड्यांहून आपली पुनरुत्थानावरील श्रद्धा कशी वेगळी, हे मुलांना सांगण्यास याहून सोपे निमित्त कोणते?

माझा आक्षेप दुसराच आहे. त्या स्काउट-शिक्षकाचे कुटुंब दरवर्षी त्याच्या मृत्युदिनी तेथे येते, आणि तो त्यांची वाट पाहत उभा असतो. प्रसंग डोळ्यांत पाणी आणतो. परंतु त्याच्यासाठी एक मिस्सा, एक साधी प्रार्थना? आपल्या प्रार्थनेने मृतांना साहाय्य होते, हे त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ साली पुन्हा ठामपणे सांगितले. ही आशाच त्या वाड्यात नाही. एवढी उणीव मी मान्य करतो.

पण अर्जदारांनी ती मेरी पाहायला हवी होती. ही भोळी खेडवळ बाई चेटकीण ठरवून जाळली गेलेली. कोणी तिच्यातून आरपार गेले की जळका वास येतो. २०२२ मध्ये, चौथ्या पर्वात, ती अचानक प्रकाशात निघून जाते आणि मागची भुते पोरकी होतात. मेरीसारख्या बायकांना जाळणारे लोक नास्तिक नव्हते. त्यांच्या हातीही बायबल होते, त्यांनाही सैतानाचा धाक होता.

पूर्वी मी दुसऱ्या धर्मग्रामात असताना एका बाळंतिणीची झोप उडाली. मेलेली सासू पलंगाच्या पायथ्याशी बसते, असे ती सांगू लागली. घरच्यांनी भगत आणला, मिरचीची धुरी दिली. मग मला बोलावले. मी आशीर्वादित पाणी शिंपडून, प्रार्थना करून चहा घेतला आणि परतलो. डॉक्टरांचे नाव मी काढले नाही. तीन आठवड्यांनी तिचा भाऊ तिला मनोविकारतज्ज्ञाकडे घेऊन गेला आणि औषधाने ती काही महिन्यांत बरी झाली. त्या तीन आठवड्यांचा दोष निदान अर्धा माझ्याकडे येतो.

भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणे वा मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि ख्रिस्तसभा? १९९२ च्या तिच्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट लिहिले आहे की मानसिक आजार ही वेगळी गोष्ट असून त्याचा उपचार वैद्यकशास्त्राचे काम आहे. बिशपांच्या खास परवानगीवाचून धर्मगुरूलाही भूतबाधित मानलेल्या माणसावर तो विधी करता येत नाही. तसे ११७२ वे धर्मकलम सांगते. मग कोणाच्याही ओटीवर जमून, पोरीच्या डोक्यावर हात दाबून, तिच्या अंगातल्या सैतानाला ओरडून हुकूम सोडणाऱ्यांना हा अधिकार कोणी दिला? त्यांच्याविरुद्ध माझ्याकडे आजवर एकही अर्ज आलेला नाही.

ॲलिसनच्या नवऱ्याला, माइकला, एकही भूत दिसत नाही. तो बिचारा रिकाम्या खुर्चीलाही अदबीने नमस्कार करतो. पण बायकोला तो खोटी ठरवत नाही आणि तिच्यावर हातही उगारत नाही.

ताकीद मी देणार नाही. अर्ज माझ्या टेबलावर आहे. ज्यांना सही मागे घ्यायची असेल त्यांनी रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर यावे. आणि कोणाच्या घरात कोणाला काही दिसत असेल, ऐकू येत असेल, तर रविवारची वाट पाहू नये. डॉक्टरांकडे मी बरोबर येईन.