सहा चुका, सहाही चिन्हांच्या

शिकाऊ लायसन्स खिशात आहे, पण पाटीवरची एक तिरपी रेघ आणि फुली यांतला फरक सांगता येत नाही, अशा मुलांबद्दल या महिन्यात कराड, विटा, मिरज सगळीकडून पत्रं आली. एक रेघ म्हणजे पार्किंगला मनाई, फुली म्हणजे थांबायलाच मनाई.

हे होणारच होतं. जून 2021 पासून शिकाऊ लायसन्सची परीक्षा घरबसल्या देता येते. जत, पाटणच्या मुलांचा हेलपाटा वाचला, हे चांगलंच झालं. पण पडद्यासमोर उमेदवार आणि उत्तरं सांगायला शेजारी एजंट, असा प्रकार अनेक ठिकाणी चालतो. तक्रार केली की अधिकारी म्हणतात, "तुम्ही शिकवा ना!"

त्याहून मोठं भोक नियमातच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 11 प्रमाणे 60 टक्के उत्तरं बरोबर हवीत, म्हणजे 15 पैकी 9. उरलेली सहा चुकली तरी पास, आणि ती सहाही चिन्हांची असली तरी पास! दक्षिण आफ्रिकेत शिकाऊ परीक्षेचे नियम, चिन्हं आणि वाहनाची नियंत्रणं असे तीन भाग असतात आणि तिन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. आपल्याकडेही नियम 11 मध्ये चिन्हांसाठी वेगळी अट घाला, एवढंच आमचं मागणं आहे. 'तीव्र उतार'चा त्रिकोण न वाचता येणारा मुलगा उद्या खंबाटकी उतरणार आहे, हे दिल्लीतल्या मंत्रालयाला कोणी तरी सांगायला हवं.

आता आपल्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांबद्दल. हलक्या वाहनासाठी किमान 21 दिवसांचं प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष गाडीवर 10 तास, असा नियम आहे. हे नुसतं रजिस्टरवर भरून फॉर्म 5चा दाखला देणाऱ्यांनी मंत्रालयाला नावं ठेवू नयेत. तुमच्यामुळे नेटानं शिकवणाऱ्यांचं म्हणणं कोणी ऐकत नाही.

बंधूंनो, पुढच्या बॅचपासून आधी चिन्हांची तोंडी परीक्षा घ्या. नापास झाला तर किल्ली देऊ नका, फी परत मागितली तरी. ज्या रस्त्यावर शिकवता, तिथलं वाढदिवसाच्या फ्लेक्सनं झाकलेलं, गंजलेलं, उलटं फिरलेलं प्रत्येक चिन्ह फोटोसह जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला लेखी कळवा. पोच घेतल्याशिवाय हलू नका आणि तिची प्रत आमच्याकडे पाठवा. सातारा आणि सांगली अशा दोन याद्या आम्ही छापू. उसाच्या जोड-ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या आत हे काम झालं पाहिजे.