कुठली म्हणायची ही पोर?

मैत्रिणींनो, मागच्या सुट्टीत माझ्या बहिणीची नात न्यू जर्सीहून चांदवडला आली होती. चौदा वर्षांची पोर, पायात सतत फुटबॉल. रेणुकामातेच्या दर्शनाला नेलं, तर परतताना रस्त्याकडेच्या पोरांमध्ये घुसून अर्धा तास खेळली. रात्री जेवताना तिनं विचारलं, ''आजी, मला इंडियाकडून खेळता येईल का?'' मी म्हटलं, ''का नाही? तुझी आई इथलीच की!''

माझं उत्तर चुकलं होतं. आपली राज्यघटना आणि 1955 चा नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. या पोरीकडे ओसीआय कार्ड आहे. त्यावर तिला व्हिसा लागत नाही, ती इथं शिकू शकते, पण मत देऊ शकत नाही आणि देशाच्या संघात खेळूही शकत नाही. भारतीय पासपोर्ट असेल तरच भारताकडून खेळता येईल, असं क्रीडा मंत्रालयानं 2008 साली ठरवलं. म्हणजे तिनं जन्माचा देश सोडला, तरच दार उघडणार.

काहींनी तसं केलंय. पुण्याच्या क्लबकडून खेळलेल्या अराता इझुमीनं 2012 साली जपानचं नागरिकत्व सोडलं. 2025 साली रायन विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचं सोडलं. त्याची आई मुंबईची, आणि आईचे वडील एके काळी मुंबईच्या संघाकडून फुटबॉल खेळलेले. आईच्या माहेराचा धागा धरून मुलगा आला, हे वाचून मला बरं वाटलं. कारण हा धागा आपल्या कायद्याला फार उशिरा दिसला. 10 डिसेंबर 1992 च्या आधी परदेशात जन्मलेल्या लेकराला वंशानं भारतीय व्हायचं, तर बाप भारतीय लागायचा. आई भारतीय असून भागत नसे. नऊ महिने पोटात वाढवणारीचा देश मोजायचाच नाही, असा तो हिशेब होता. नागरिकत्वात बाईला आणि तिच्या मुलांना समान हक्क द्या, असं सांगणारा संयुक्त राष्ट्रांचा स्त्रियांविषयीचा करार भारतानं त्यानंतर, 1993 साली, मान्य केला.

फिफाचा नियम या बाबतीत बरा. नव्यानं नागरिकत्व घेतलेल्या खेळाडूसाठी आई, बाप, आजी, आजोबा यांतलं कुणीही त्या देशात जन्मलेलं चालतं. आजीलासुद्धा तिथं आजोबांइतकंच वजन आहे! अमेरिकेत स्त्रियांच्या व्यावसायिक लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा मोजून दिलेल्या असतात, पण ग्रीन कार्ड मिळालं की ती खेळाडू घरची धरतात. तिथं खेळणाऱ्या कितीतरी मुली देशाचा संघ म्हणून आजी-आईचा देश निवडतात. फिलिपिन्सचा संघ बघा. त्यांचा कायदा दोन नागरिकत्वं चालवून घेतो. 30 जानेवारी 2022 ला आपल्या पुण्यात, बालेवाडीच्या मैदानावर, या संघानं चायनीज तैपेईला पेनल्टीवर हरवलं आणि पहिल्यांदा विश्वचषक गाठला. शेवटची पेनल्टी मारणारी सारिना बोल्डन कॅलिफोर्नियात जन्मलेली. त्याच स्पर्धेत आपल्या मुलींना करोनामुळे माघार घ्यावी लागली होती.

मग आपणही दार उघडावं का? आमच्या गटात यावर चांगलीच वादावादी झाली. एकीचं म्हणणं, अमेरिकेतल्या हिरव्या मैदानांवर शिकलेल्या मुली आल्या, तर मणिपूरच्या, झारखंडच्या मुलींनी कुठं जायचं? त्यांच्यापाशी फुटबॉल हाच एक रस्ता आहे. हे मला खोटं म्हणता येत नाही. तरी माझं मत असं, की ओसीआय असलेल्या मुलींना मोजक्या जागांवर खेळू द्यावं. मात्र त्याबरोबर इथल्या मुलींच्या शिबिरांचा नि स्पर्धांचा पैसा वाढायला हवा. बाहेरून चार मुली आणून हा खर्च वाचवायचा असेल, तर मी विरोधात उभी राहीन.

या प्रश्नात मी एवढी का शिरले, तेही सांगते. मी कबड्डी खेळायचे. 1991 साली लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेले, आणि त्याच वर्षी निवड चाचणी लागली. माहेरी निवड करणारे गृहस्थ म्हणाले, ''तू आता तिकडची.'' सासरी गेले तर शाळेचा दाखला चांदवडचा, रेशनकार्डात नाव चढलेलं नाही, आणि दाखल्यावरचं नाव एक, लग्नपत्रिकेवरचं दुसरं. ते म्हणाले, ''तू अजून तिकडचीच.'' माझा पासपोर्ट कुणी मागितला नव्हता. गाडीनं दोन तासांच्या अंतरात मी बिनदेशाची झाले. त्याच वर्षी माझा चुलत दीर नोकरीसाठी तिसऱ्याच जिल्ह्यात राहत होता आणि गावाकडूनच खेळत होता. त्याला कुणी विचारलं नाही. पुरुषाचं गाव त्याच्या मागे मागे येतं, बाईचं मात्र मांडवातच सुटतं.

नोव्हेंबर 1986 मध्ये शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन चांदवडला भरलं, तेव्हा मी शाळेत होते. आम्ही मुली पाण्याच्या घागरी वाहत होतो. एवढ्या बायका एका जागी मी तोवर पाहिल्या नव्हत्या. पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली आणि सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायची गोष्ट गावागावांत बोलली जाऊ लागली. जमिनीच्या कागदावर नाव हवं, हे आम्हाला तेव्हा कळलं. खेळाच्या अर्जावरही ते हवं, हे कळेपर्यंत माझे गुडघे गेले होते!

आजही आमच्याकडे सून झालेल्या खेळाडू मुली येतात आणि कुठला दाखला जोडू म्हणून विचारतात. आमची मागणी साधी आहे. लग्न झालेल्या मुलीनं जन्मजिल्हा की राहता जिल्हा, हे स्वतः निवडावं, निदान एका हंगामासाठी तरी. जन्मदाखल्यावरचं नाव पुरेसं धरावं. नवऱ्याचा कागद मागू नये. याचं निवेदन आम्ही तयार करतो आहोत. तुमच्या तालुक्यात कुणाची निवड अशा कारणानं अडली असेल, तर तिच्या संमतीनं सगळा तपशील लिहून पाठवा. कुठल्या वर्षी, कुठला खेळ, कुठला कागद मागितला, एवढं असलं तरी चालेल.